अनंताच्या पानावरचा केवडा

आमच्या तासगावकडं चुनखडीच्या रानात उसाचं कोवळं पान पांढुरकं पिवळं पडलं, की माणसं म्हणतात, 'केवडा पडलाय.' चंदीगडच्या आयटी पार्कमध्ये बागांच्या देखरेखीचं काम घेतलं, तेव्हा वाटलं होतं की हा शब्द आता गावाकडंच राहिला. पण दुसऱ्याच वर्षी इथं केवडा भेटला, तोही अनंताच्या झाडावर.

किशनगढ आणि मनीमाजरा यांच्या कडेला असलेल्या या पार्कचं उद्घाटन 2005 मध्ये झालं. काचेच्या इमारती, मागं शिवालिकच्या टेकड्या. एका इमारतीच्या दारात अनंताच्या चाळीस कुंड्या होत्या. फेब्रुवारी सरला, थंडी ओसरली, नवी पालवी आली ती लिंबाच्या सालीसारखी पिवळी. शिरा तेवढ्या हिरव्या. मी घाईनं ठरवलं की नत्र कमी पडलंय, आणि युरिया दिला. पंधरा दिवसांत फुटवे भराभर लांबले, त्यांच्यावर मावा बसला आणि पान होतं त्याहून फिकट झालं. मग वाटलं, मुळं कमकुवत असतील. म्हणून डीएपी घातलं. कळ्या धरल्या त्या उमलायच्या आधीच गळून गेल्या. इमारतीच्या व्यवस्थापकांनी विचारलं, तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं.

उत्तर दिलं ते आमच्या चाचांनी. पन्नाशी ओलांडलेले हे माळी तराईतले, पिलीभीतकडचे. कुंडीपाशी उकिडवे बसून ते एवढंच म्हणाले, "साहब, नीचेवाला पत्ता भी तो देखो. वो तो हरा है."

तासगावात द्राक्षाच्या बागेत वाढलेल्या माणसाला हे दुसऱ्यानं दाखवावं लागलं, याची खंत अजून आहे. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातलं नत्र काढून कोवळ्या पानाला देतं. म्हणजे आधी पिवळं पडतं ते खालचं पान. पालाश आणि मॅग्नेशियमही असेच वर सरकतात. लोह मात्र जिथं बसलं तिथंच बसतं, जुनं पान ते सोडत नाही. त्यामुळं लोहाची टंचाई शेंड्यावर दिसते. पिवळेपणा झाडाच्या कोणत्या मजल्यावर आहे, हे पाहिल्याशिवाय खताच्या पोत्याला हात लावू नये.

पण कुंडीत लोह नव्हतं असंही नाही. माती खणली तर आत प्लास्टरचे तुकडे, चुन्याचे खडे निघाले. बांधकामाचा मलबाच मातीत मिसळून भरला होता. कूपनलिकेचं पाणी जड, इतकं की कुंडीच्या काठावर पांढरी कड धरायची. सामू मोजला तर 8 च्या वर. अनंताला 5 ते 6.5 हवा. एवढ्या चुन्यात लोह असतं, पण विरघळत नाही आणि मुळाला मिळत नाही. त्यात मी डीएपी घातलं, आणि त्यातल्या स्फुरदानं उरलंसुरलं लोह बांधून टाकलं. युरियानं शेंडे लांबवले, म्हणजे थोडक्या लोहात खाणारी तोंडं वाढवली. आमच्याकडं अशा झाडाला 'माजलं' म्हणतात. दोन्ही खतं चांगली होती. मी ती भलत्या वेळी घातली.

एका किलो वाळलेल्या पाल्यात नत्र साधारण 15 ग्रॅम लागतं, लोह 100 मिलिग्रॅम आणि जस्त जेमतेम 20 मिलिग्रॅम. या 20 मिलिग्रॅमची गोष्ट चाचांना लहानपणापासून ठाऊक होती. तराईत भाताच्या पानांवर काताच्या रंगाचे डाग पडायचे, रोप खुजं राहायचं. लोक त्याला 'खैरा' म्हणत. रोगच वाटायचा तो. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात यशवंत लक्ष्मण नेने यांनी 1960 च्या दशकात दाखवून दिलं, की हा बुरशीचा किंवा जंतूचा उपद्रव नसून जस्ताची कमतरता आहे. नेने स्वतः वनस्पतिरोगशास्त्राचे. रोग शोधायला निघालेल्या माणसानं 'इथं रोग नाही' असं म्हणणं मला फार मोठं वाटतं. हेक्टरी 5 किलो झिंक सल्फेट, 2.5 किलो चुना आणि 1000 लिटर पाणी, ही फवारणी चाचांच्या वडिलांनी केलेली. चाचांना ते प्रमाण तोंडपाठ होतं, नेन्यांचं नाव मात्र माहीत नव्हतं. ग्वाल्हेरला जन्मलेला एक मराठी माणूस होता, असं मी सांगितल्यावर ते माझ्याकडं जरा निराळ्याच आदरानं पाहू लागले. तो आदर माझा नव्हता, पण त्या दिवशी मला बरं वाटलं.

माझ्या वडिलांच्या बागेत वेगळाच खेळ चालायचा. मण्यात गोडी भरायची वेळ आली, की जो तो 'झिरो झिरो पन्नास' हे पालाशाचं खत सोडायचा. पालाशानं साखर भरते, हे खरंच. पण पालाश जास्त झालं की मॅग्नेशियमला मुळाशी जागा मिळत नाही, आणि खालच्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो. मग मॅग्नेशियम सल्फेट. वडील एक वर्ष थांबले, देठ परीक्षण करून घेतलं आणि पालाश कमी केलं. शेजाऱ्यांना ते कंजूषपणाचं वाटलं. पुण्याजवळच्या मांजरीला 1997 मध्ये द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र झालं, त्यानंतर आमच्याकडं देठाची भाषा रुळत गेली. त्याआधी पुडीवरचे आकडेच बोलायचे. काय कमी आहे, हे विचारायच्या आधी काय जास्त झालंय ते विचारायचं, ही सवय मला वडिलांनी लावली होती. परगावी आल्यावर मी ती विसरलो.

घरी गॅलरीत कढीपत्ता आहे. डिसेंबरात तो पिवळा पडतो आणि बायको आंबट ताकाचं पाणी घालते. तेव्हा मी तिला थांबवतो. गारठ्यात मूळच झोपलेलं असतं, त्याला फेब्रुवारीपर्यंत काही नको.

अनंताचं मात्र थांबून भागणार नव्हतं. लोहच कमी आहे याची खात्री करायला चाचांनी आणि मी एक जुना उपाय केला. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, वर थोडा लिंबाचा रस, म्हणजे लोह गंजून खाली बसत नाही. एका पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागाला ते कुंचल्यानं लावलं. उरलेलं अर्धं तसंच ठेवलं. चाचांनी मनगटावरचा लाल दोरा सोडून त्या फांदीला बांधला, पाणी घालणाऱ्या पोरांनी ती छाटू नये म्हणून.

तोवर निम्म्या कुंड्यांतली माती काढून पानांचं खत भरलं, गंधक मिसळलं, डीएपीचं पोतं गोदामात मागं सरकवलं. चिलेटेड लोहही आणलं, तेही ईडीडीएचए. इतक्या सामूत ईडीटीए टिकत नाही.

नवव्या दिवशी सकाळी चाचांनी फोन करून मला खाली बोलावलं. दोरा बांधलेल्या फांदीवर ते पान होतं. मधल्या शिरेच्या डावीकडं पिवळं, उजवीकडं हिरवं.