फ्रेममधलं पाणी

माझ्या हार्ड डिस्कवर सह्याद्रीचे अकरा हजारांच्या आसपास फोटो आहेत. गेल्या पावसाळ्यात ते ठिकाणांप्रमाणे लावायला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातले मला खरंच आवडणारे वेगळे काढले. दीडेकशे निघाले. त्यातल्या निम्म्याहून जास्त फोटोंत पाणी होतं. धबधबा नाही, पाऊस नाही. डोंगरांच्या मधोमध पसरलेलं निळं, निवांत पाणी. आणि जवळपास प्रत्येक फोटोत ते धरणाचं होतं.

सह्याद्रीत नैसर्गिक मोठे तलाव जवळपास नाहीतच. गडावरून मोठं पाणी दिसलं की ते कुणीतरी अडवलेलं आहे असं बेलाशक समजावं. घाटमाथ्यावर पाऊस तुफान पडतो, नद्या माथ्याजवळ उगम पावून बहुतेक पूर्वेकडे निघतात, दोन्ही बाजूंना डोंगराच्या सोंडा. धरण बांधणारा इंजिनिअर काय शोधतो? अरुंद गळा आणि मागे मोठं पोट. फोटोग्राफरला नेमकी हीच जागा आवडते. तलावाच्या काठाची ती नागमोडी बोटं इतकी सुंदर दिसतात, कारण तो काठ म्हणजे नकाशावरची एक समोच्च रेषा असते आणि प्रत्येक बोट म्हणजे पूर्वीचा एक ओढा. मधला चौडा भाग म्हणजे खोऱ्याचा तळ. शेती तिथेच व्हायची. गावंही तिथेच असायची.

नवख्या माणसाला मी आधी तिकोन्याला पाठवतो. तिकोना पेठेतून तासाभराची चढण, शेवटच्या उंच पायऱ्या सोडल्या तर सोपी. ऑक्टोबर सरताना, हवा धुतलेली असताना दुपारी उशिरा चढावं. वर पोचलं की पवनेचं पाणी, त्यापलीकडे तुंगचा सुळका, उजवीकडे लोहगड-विसापूर. इथे सगळे वाइड लेन्स काढतात आणि डोंगर फोटोत वाटाण्याएवढे होतात. लांबची लेन्स लावा, तुंग आणि त्याच्या पायथ्याचं पाणी एवढंच घ्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं दगडी देऊळ उघडं पडतं. एरवी ते पाण्याखाली असतं. हल्ली तिथे लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. देवळाला ते चालत असावं, वर्षातले निदान काही महिने माणसं तरी दिसतात.

मी वाकडला राहतो. माझ्या नळाला येतं ते याच पवनेचं पाणी. हे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ला त्यांनी द्रुतगती मार्ग अडवला, पोलिसांनी गोळीबार केला, तीन जण गेले. तेव्हा मी शाळेत होतो. तिकोन्यावरून हे काही दिसत नाही. धरणं नकोत असं म्हणायचा मला अधिकार नाही, रोज सकाळी मी त्याच पाण्याने आंघोळ करतो. पण फोटोखाली ‘निसर्ग’ एवढंच लिहायला आता हात धजत नाही.

मुळशीबद्दल फार सांगत नाही. ताम्हिणीच्या वाटेवर गाडी थांबवून सगळेच तिथे फोटो काढतात. १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो याच पाण्याविरुद्ध, आणि ‘सेनापती’ हे नाव त्यांना तिथूनच चिकटलं, एवढं माहीत असलं तरी पुरे.

भंडारदरा रात्रीसाठी. प्रवरेवरचं हे धरण १९२६चं. अमावस्येच्या आसपास रतनवाडीच्या बाजूला काठावर बसलात तर तारे पाण्यातही दिसतात, वारा पडलेला असला तर. दुसऱ्या दिवशी रतनगड चढा. माथ्यावर नेढं आहे, कातळाला आरपार पडलेलं भोक. त्यात बसून फोटो काढताना वारा ट्रायपॉड हलवतो, म्हणून त्याच्या खालच्या हुकाला पाठीवरची पिशवी अडकवावी.

आता कोयना. वासोट्याला जायचं तर बामणोलीहून बोट, वन खात्याची परवानगी, प्लास्टिकची झडती आणि संध्याकाळपर्यंत परत. मुक्कामाला बंदी आहे आणि ते उत्तम आहे. मात्र त्यामुळे माथ्यावर पोचता ते भर दुपारी, प्रकाश सगळ्यात वाईट असताना. बाबूकडा कितीही भव्य असला तरी बाराच्या उन्हात तो पत्र्यासारखा सपाट येतो. खरे फोटो सकाळी बोटीतूनच मिळतात. कोयना इतर नद्यांसारखी लगेच पूर्वेला वळत नाही. महाबळेश्वरहून निघून ६५ किलोमीटर सरळ दक्षिणेला जाते आणि हेळवाकला वळते. त्यामुळे सकाळी पूर्वेच्या रांगेवरून ऊन उशिरा उतरतं, पाण्यावर धुकं असतं आणि पश्चिमेचा कडा आधी पेटतो. पायथ्याशी मेट इंदवली आहे. गाव उठलं, नाव राहिलं. वरच्या अंगाला तापोळ्याला लोक ‘मिनी काश्मीर’ म्हणतात, म्हणजे खोऱ्याला स्वतःचं नावही पुरलं नाही.

माझी आजी या खोऱ्यातली. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती, लग्नाला दोन वर्षं झालेली. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला १९७६ला. हे लोक त्याच्या कितीतरी आधी उठले होते. आमच्या घरच्यांना पनवेलच्या बाजूला जमीन मिळाली, बरीच वर्षं गेल्यावर. त्या गावाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. कॅमेरा कुणाकडे होता?

मी तिला बोटीतून काढलेले फोटो मोबाइलवर दाखवले. पाण्याकडे तिने पाहिलंच नाही. बोटाने वरची डोंगराची धार चाचपत गेली आणि एका खाचेपाशी थांबली.

“ह्यो आपला डोंगर. दिवाळीच्या टायमाला दारातनं बगितलं की सूर्य ह्या खिंडीत बुडायचा.”

“नक्की का गं?”

“रोज बगत हुते की. वैरण टाकायची येळ ती.”

माझ्या धंद्यात याला डेटा म्हणतात. खिंडीची जागा माहीत, सूर्य कोणत्या दिवशी कुठल्या दिशेला मावळतो तेही काढता येतं. खिंडीपासून उलट्या दिशेने रेष ओढली की घर त्या रेषेवर कुठेतरी असणार. (दिवाळी वर्षागणिक महिनाभर मागेपुढे होते, त्यामुळे रेष नाही, पट्टा निघतो.) दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराने छापलेले भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्कॅन करून सगळ्यांसाठी ठेवले आहेत. त्यात कोयनेचं खोरं कोरडं आहे. त्यावर तो पट्टा टाकला तर दोन गावांची नावं त्यात आली. त्यातलं एक आजीचं होतं.

गेल्या दिवाळीत पाडव्याला मी तिथे गेलो. बोट त्या वेळी पाण्यात थांबू शकत नाही, म्हणून पट्टा पूर्वेच्या काठाला जिथे लागतो तिथे उभा राहिलो. तलाव भरलेला. साडेपाचनंतर सूर्य खिंडीत उतरला, अगदी मधोमध नाही, किंचित डावीकडे. फोटो म्हणून तो काही खास नाही. आकाशात एक ढग नव्हता. पण माझ्याकडे दुसरा कुठला नाही, म्हणून मोठ्या कागदावर छापून घेऊन गेलो.

आजीने तो खिडकीपाशी नेला. बराच वेळ पाहिला.

“खिंड हीच,” ती म्हणाली. “पर तू लय वर हुबा हायस. आमच्या दारातनं डोंगार ह्याच्यापरीस उच्च दिसायचा.”

मी समोच्च रेषा मोजल्या. तिचं बरोबर होतं.