फुलपाखरू आणि दर्भाचा कावळा

डेमियन हर्स्टची ‘द सोल्स’ ही प्रिंट्सची मालिका २०१० सालची. कोऱ्या कागदावर एकच फुलपाखरू. ते शाईने छापलेलं नाही, चकचकीत फॉइल दाबून उमटवलेलं आहे. त्यामुळे आपण जरा सरकलो की पंखांवरचा उजेडही सरकतो.

ग्रीकमध्ये ‘सायकी’ म्हणजे आत्मा, आणि फुलपाखरूसुद्धा. हर्स्टने हा अर्थ उचलला आणि त्याच्या प्रती काढल्या. तेच फुलपाखरू वेगवेगळ्या रंगांत, मर्यादित प्रतींत, खाली सही आणि नंबर. मी दिवसभर कोड लिहितो. फाइलची कॉपी आणि ओरिजिनल यांत फरक नसतो, हे आमच्या कामातलं गृहीतच. पण आत्म्याची एडिशन? तिथे मी अडखळलो.

आमच्याकडे आत्मा इतका देखणा नसतो. तो कावळा होऊन येतो.

बाबांच्या दहाव्याला घाटावर आम्ही दीड तास थांबलो होतो. कावळे झाडावर बसलेले, पण पिंडाकडे एकही फिरकेना. मोठे काका म्हणाले, “जीव कशात तरी अडकलाय त्याचा.” मग आई पुढे झाली. हात जोडून म्हणाली, “अहो, धाकटीचं शिक्षण मी अर्धवट राहू देणार नाही. निर्धास्त जा.” तरीही कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिवला. तेव्हा मला ती निव्वळ पळवाट वाटली होती.

हर्स्टने १९९१ साली लंडनमध्ये कॅनव्हासना कोष चिकटवून खोलीत जिवंत फुलपाखरं सोडली होती. २०१२ साली टेट मॉडर्नमध्ये तेच काम पुन्हा मांडलं, तेव्हा पाचेक महिन्यांत ९,००० हून जास्त फुलपाखरं मेल्याच्या बातम्या आल्या. त्यापुढे फॉइलचं फुलपाखरू मला बरं वाटतं. ते कुणाचा जीव घेत नाही. दर्भाचा कावळाही खऱ्या कावळ्याला वेठीला धरत नाही. दोन्ही प्रतीच, पण माणसाचं काम भागवतात.

फरक एकच. फुलपाखरू सांगतं, गेलेला माणूस हलका होऊन उडून गेला. कावळा विचारतो, त्याचं काय राहिलं? आणि मागे राहिलेल्यांकडून शब्द घेतो.

बहिणीने हॉस्टेलच्या भिंतीवर फुलपाखराचं एक स्वस्तातलं पोस्टर लावलंय. आईला व्हिडिओ कॉलवर ते आवडलं. मग तिने विचारलं, “शेवटच्या सेमिस्टरची फी कधी भरायची?”