विनामोल सूर

बदलीची नोकरी करणाऱ्याचा छंद एका पेटीत मावणारा असावा, असे आमचे एक वडीलधारे सहकारी म्हणत असत. माझा छंद त्याहूनही थोड्या जागेत मावतो. लखनौच्या सरकारी निवासस्थानातील मागच्या खोलीत एक संगणक, हेडफोन आणि दोन सप्तकांचा कीबोर्ड एवढ्या सामग्रीवर मी संध्याकाळी इलेक्ट्रॉनिक संगीत रचतो. येथे तार नाही, कातडे नाही. विजेच्या कंपनातून उठलेल्या स्वराला घाट द्यावयाचा. या रचना ‘रॉयल्टी-फ्री’ म्हणविणाऱ्या सूचीत जातात. एखाद्या लघुपटवाल्याने एकदा परवाना घेतला, की पुढे प्रत्येक वापरागणिक त्याला स्वामित्वधन द्यावे लागत नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

सध्या मी दहा वर्षांपूर्वीच्या रचना पुन्हा उजळावयास घेतल्या आहेत. त्याला रीमास्टरिंग म्हणतात. खर्जातला गलबला आवरावा, तारस्वरांचा कर्कशपणा घासून काढावा, एकूण पातळी सावरावी. नवशिक्यास वाटते की आवाज चढविला म्हणजे काम झाले. पण सारेच स्वर एका उंचीवर आणले की रचनेचा श्वास कोंडतो. शिवाय मूळ ध्वनिपट्टे जपलेले नसतील, तर एकदा मिसळलेला स्वर जसाच्या तसा पुन्हा वेगळा होत नाही. यंत्राने ओढून काढला तरी त्यावर ओरखडे राहतात.

विनामोल वाटण्याचा हा विचार मनात आला, की कैसरबागेतील भातखंडे यांच्या संस्थेची आठवण होते. १९२६ साली ती तत्कालीन गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावाने सुरू झाली. आज ते भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय आहे. तेथून जाताना आपल्यापैकी कोणाची मान थोडी ताठ होत नाही? वाळकेश्वरला जन्मलेल्या या वकिलाने घराण्यांच्या कुलुपांतल्या चिजा मिळविल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत सुमारे १८०० चिजा मूळ मराठीत छापून सर्वांपुढे ठेवल्या. ज्याच्या घरी गाणे नाही अशा मुलालाही यमन उघडून बसता येऊ लागला. आमच्या सूचीला पूर्वज शोधावयाचाच, तर तो येथे सापडेल.

तथापि उस्तादाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. त्याला ना निवृत्तिवेतन, ना भविष्यनिर्वाह निधी. चीज हेच त्याचे वतन. ते सर्वांचे झाले, तर त्याच्या मुलाने काय खावे? ही शंका क्षुद्र नव्हती.

ती मला नव्याने भेटली. चौकातील एका वृद्ध सारंगियांकडून मी काही आलाप ध्वनिमुद्रित करून घेतले होते व त्यांचे मानधनही दिले होते. ते जुन्या रचनेत मिसळून सूचीत टाकावे, असा माझा मनोदय. परवान्याची अट त्यांना समजावून सांगितली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “साहब, एक बार दे दिया, तो फिर हमारा क्या रहा?”

मला उत्तर देता येईना. मी विनामोल देऊ शकतो, कारण महिन्याच्या अखेरीस पगार जमा होतो. माझ्या औदार्याचा भार सरकारी तिजोरी उचलते. त्यांच्यामागे अशी तिजोरी नाही. दुसऱ्याच्या ताटातले वाटून आपण दाते होत नाही.

म्हणून सारंगी मी सूचीतून वगळली. माझे विजेचे सूर तिकडे गेले. ज्याला हवे त्याने ते खुशाल वापरावे. सारंगीची रचना निराळी ठेवली आहे. ती जितक्यांदा वापरली जाईल, तितक्यांदा निम्मे पैसे त्यांच्या खात्यात जावे, असा साधा करार हिंदीत लिहून दोघांनी सह्या केल्या. माझी बदली केव्हाही होईल. कागदाची एक प्रत मात्र चौकातच राहील.