दोन कागदांचे मोल

वस्तूची किंमत ठरविणे हे आम्हा वकिलांचे नित्याचे काम. मोल ठरविताना मात्र कायद्याचे ग्रंथ फारसे उपयोगी पडत नाहीत. डेन्मार्कमध्ये नाताळच्या झाडावर टांगतात ते कागदी हृदयच पाहा. आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने हृदय परीकथाकार हान्स क्रिश्चन अँडरसन यांनी १८६० साली केलेले आहे.

साहित्य म्हणाल तर दोन रंगांचे कागद, कात्री आणि थोडी खळ. प्रत्येक कागद दुमडून त्याचे मोकळे टोक गोल कापावे व घडीच्या बाजूने समांतर चिरा द्याव्यात. त्यांची लांबी घडीच्या रुंदीहून किंचित अधिक असावी. मग एका कागदाची पट्टी दुसऱ्याच्या पट्टीतून आरपार न्यावी आणि पुढच्या पट्टीला तिच्या पोटात घ्यावे. असे आळीपाळीने विणले की खाऊ ठेवण्याजोगे हृदय सिद्ध होते. वर खळीने कागदाची मूठ चिकटवावी. एकट्या कागदाचे ते होत नाही.

आमच्या व शेजारच्या ख्रिस्ती घरामध्ये कुंपणाच्या हद्दीवरून वाद आहे. त्यापायी दिवाळीचे पोहे तिकडे जाणे आणि नाताळचे दोदोल इकडे येणे दोन वर्षे बंद होते. आम्ही पुष्कळ कागद जमविले. ते सारे घरे वेगळी करणारे. यंदा मुलांनी आकाशकंदिलाच्या उरलेल्या कागदांची सहा हृदये विणून शेजारच्या झाडासाठी नेऊन दिली.

हद्दीचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. दोदोलाची बशी मात्र कुंपणावरून आली.