दीड फेरा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजात थोडा वेळ उभे राहा, 'शॉकअप गेलाय' हे वाक्य कानावर पडेलच. शॉकअप म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, धक्का शोषून घेणारा. नाव रुळलंय, पण ते काम त्याचं नाही. धक्का घेते ती स्प्रिंग. चाक खड्ड्याच्या काठावर आपटलं की स्प्रिंग दबते आणि तो धक्का स्वतःत साठवते. साठवलेलं परत देणं हा तिचा स्वभाव. ती उलगडते, गाडीला वर ढकलते, गाडी खाली येते, स्प्रिंग पुन्हा दबते. कुणी आवरलं नाही तर हा झोका बराच वेळ चालतो.

आवरणारा तो शॉकअप. आत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला भोकं आणि त्या भोकांवर पातळ पोलादी चकत्या. दट्ट्या हलला की तेलाला त्या अरुंद वाटेतून जावं लागतं. त्यात ते तापतं आणि गाडीची उसळी उष्णता होऊन हवेत जाते. खराब रस्त्यावरून बराच वेळ गाडी हाकून आल्यावर शॉकअपला हात लावून पाहा, गरम लागेल. खड्ड्यांनी दिलेलं तिथे खर्ची पडलेलं असतं.

हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. हातानं कळलं ते मिशिगनमध्ये, एका जुन्या गाडीच्या खाली पाठीवर पडून.

गाडी १९९६ची माझ्दा मिआटा. दोन माणसांची, उघड्या टपाची, वजनाला साधारण एक टन. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि २०१६मध्ये अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. फार जोरात पळणारी गाडी नाही ही. तिचं कौतुक होतं ते वळणासाठी. जपानी इंजिनिअरांनी तिच्यासाठी 'जिनबा इत्ताई' असा शब्द वापरला, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे. वर एक हात, खाली एक हात, त्यामुळे गाडी झुकली तरी चाक रस्त्यावर बऱ्यापैकी सरळ टेकून राहतं.

अर्थात शॉकअप ठीक असतील तर. मी गाडी घेतली तेव्हा तिचे शॉकअप मूळचेच होते आणि दोन तेलानं ओले झाले होते. पंचवीसेक वर्षांच्या वस्तूबद्दल त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. पण रविवारी मी या गाडीवर ऑटोक्रॉस करतो. मोठं मोकळं पार्किंग घ्यायचं, रबरी शंकू मांडून नागमोडी वाट आखायची आणि एकेका गाडीनं घड्याळाशी शर्यत करायची. शंकू पाडला की वेळेत दोन सेकंद वाढतात. 'स्ट्रीट' नावाच्या वर्गात गाडी जवळपास कंपनीतून आली तशीच ठेवावी लागते. स्प्रिंगा त्याच हव्यात. शॉकअप मात्र बदलता येतात. त्यामुळे त्या वर्गात सगळी हौस, सगळा वाद आणि बराचसा पैसा शॉकअपवर येऊन थांबतो.

मी कोनी घेतले, पिवळे. चार मिळून सातशे डॉलरच्या वर गेले. ही डच कंपनी १८५७ साली घोड्यांचा साज बनवणारी म्हणून सुरू झाली, मोटारींकडे नंतर वळली. 'घोडा आणि स्वार'वाल्या गाडीला साज बनवणाऱ्यांचे शॉकअप, एवढा योगायोग मला पुरेसा होता. बायकोला नव्हता. तिनं विचारलं, "यानं गाडी जोरात पळेल?" नाही. "पेट्रोल कमी लागेल?" नाही. "मग?" मग काय, हेच तर सांगता येत नव्हतं.

बसवायला शनिवार-रविवार गेला. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ बोल्टांना चिकटून राहतं. निम्मा वेळ गंजलेल्या बोल्टांना तेल पाजून वाट बघण्यात जातो. स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा वापरताना तोंड बाजूला ठेवायचं, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती कुणाची नसते. आणि सगळं जुळल्यावर रबरी बुशांमधून जाणारे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यानंतरच. गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळले, तर खाली उतरताच सगळे बुश पिळले जातात आणि कायम पिळलेलेच राहतात.

या शॉकअपच्या दांड्याच्या डोक्यावर एक छोटी कळ बसते. पुढच्या दोघांची बॉनेट उघडलं की हाताशी येते, मागच्यांची डिकीतून. ती साधारण दोन फेरे फिरते. तिनं बदलतं ते फक्त रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उलगडताना होणारा विरोध. दबतानाचा विरोध कारखान्यातच ठरलेला असतो.

तुमच्या बाइकच्या मागच्या शॉकअपलाही पायऱ्यांची एक रिंग असते, मागे कुणी बसणार असेल तर पान्यानं फिरवतात ती. ही कळ म्हणजे ते नव्हे. ती रिंग स्प्रिंगला आधीच थोडं दाबून ठेवते, त्यानं गाडी वजनाखाली कमी बसते. कोनीची कळ स्प्रिंगला हात लावत नाही. ती तेलाची वाट अरुंद करते. स्प्रिंगचा जोर ती किती दबली यावर ठरतो, शॉकअपचा जोर ती किती वेगानं हलतेय यावर. गाडी उभी असेल तर शॉकअप काहीच करत नाही.

म्हणूनच एक मोठा गैरसमज आहे की शॉकअप घट्ट केले की गाडी वळणावर कमी झुकते. लांबलचक एकसारख्या वळणावर ती शेवटी तेवढीच झुकते. फरक पडतो तो झुकायला लागणाऱ्या वेळात. ऑटोक्रॉसमध्ये मात्र वळण लांबलचक नसतंच. डावीकडे, लगेच उजवीकडे, पुन्हा डावीकडे. जुन्या शॉकअपवर गाडी पहिल्या वळणाचा झोका संपवते न संपवते तोच दुसरं वळण यायचं, आणि मी आधीच्या झोक्यावर पुढचं वळण घेत असायचो. नवे बसवून कळ एक फेरा फिरवली तेव्हा गाडी प्रत्येक शंकूपाशी रिकाम्या हातानं पोचू लागली. मागचं काही बाकी नाही. बायकोला द्यायचं उत्तर ते होतं.

मग जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं का? ते बघायला मुद्दाम कळ शेवटपर्यंत फिरवून वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर गेलो. डेट्रॉइटचा हा रस्ता इतिहासातला. अमेरिकेतला काँक्रीटचा पहिला मैलभर हमरस्ता १९०९मध्ये याच वुडवर्डवर झाला असं सांगतात. काँक्रीट म्हणजे फरश्या आणि फरश्या म्हणजे सांधे, दर काही फुटांवर एक ठोका. पूर्ण घट्ट शॉकअप दबतो तर पटकन, पण उलगडायला वेळ घेतो. पहिल्या ठोक्याला दबला, परत वर यायच्या आत दुसरा ठोका. आणखी दबला. तिसरा. गाडी हळूहळू स्वतःच्याच चाकांवर खाली खाली बसत जाते, शेवटी आतल्या बंप स्टॉपवर टेकते, आणि मग सस्पेन्शन उरतच नाही. प्रत्येक सांधा थेट पाठीत. सैल शॉकअपला काही धरून ठेवता येत नाही, अतिघट्टाला काही सोडता येत नाही.

पुढचे काही रविवार वहीत आकडे लिहीत काढले. पुढे एक फेरा, मागे पाऊण. पुढे दीड, मागे एक. एका वेळी एकच बदल, तीन फेऱ्यांच्या वेळा. 'पुढे दीड' वर माझं बस्तान बसलं.

जूनमध्ये अण्णा आले.

अण्णा, माझे वडील, एसटीचे ड्रायव्हर. कोल्हापूर-रत्नागिरी, आंबा घाटातून, निवृत्तीपर्यंत. लाल गाडी, खाली पाट्यांच्या स्प्रिंगा. सीटवर चौघडी केलेली घोंगडी, ती त्यांनी घरून नेलेली. निवृत्त झाले तेव्हा डॉक्टरनी कमरेचा फोटो उजेडात धरून दोन मणक्यांमधली जागा दाखवली होती. 'गॅप कमी झालीय.' वजन उचलू नका, खाली वाकू नका, धक्के टाळा. धक्के टाळा हे ऐकून अण्णा हसले होते. सगळे खाऊन झाल्यावर सांगितलं, म्हणाले.

उभं थरथरणं माणसाच्या धडाला सगळ्यात जास्त जाचतं ते सेकंदाला चार ते आठ वेळा या टप्प्यात. मोटारीतली सस्पेन्शनची गणितं अशी मांडतात की गाडीचं धड सेकंदाला एक-दीड वेळा हलावं, चालण्याच्या लयीच्या आसपास, आणि चाकं दहा-पंधरा वेळा. मधला जाचाचा टप्पा सीटपर्यंत शक्य तितका कमी पोचावा. बससाठी हेच करता येतं, पण त्याला पैसे लागतात, आणि ते कुठे खर्च करायचे हे ठरवणारे लोक ड्रायव्हरच्या सीटवर बसत नाहीत. ऊर्जा कुठे ना कुठे जातेच. तेलानं घेतली नाही तर पाट्यांनी, पाट्यांनी नाही तर सीटनं, आणि सीट लाकडासारखी असेल तर माणसानं.

अमेरिकेतल्या उपनगरात गाडी नसलेला म्हातारा माणूस नजरकैदेत असतो. बायको आमची मोठी गाडी घेऊन कामाला जायची आणि उशिरा यायची. मी लवकर सुटायचो, पण माझ्याकडे मिआटा. म्हणजे संध्याकाळी अण्णांनी एक तर घरात बसायचं किंवा जमिनीपासून वीतभर उंचीच्या, दीड फेऱ्यावर घट्ट केलेल्या गाडीत. पहिले चार दिवस ते घरात बसले. पाचव्या दिवशी गॅरेजमध्ये आले, मिआटाच्या मडगार्डवर तळवा ठेवला, वजन टाकून दाबलं आणि सोडलं. गाडी वर आली आणि तिथेच थांबली.

"धरत्या चांगली," ते म्हणाले. "पण लई धरत्या."

मी कळ दाखवली. बॉनेटच्या आत वाकायला नको म्हणत असताना ते वाकलेच.

"आणि ह्ये कुणी फिरवायचं? मेकॅनिकनं?"

"कुणीही. जो बसणार त्यानं."

ते बराच वेळ त्या पिवळ्या नळीकडे बघत राहिले. मला वाटलं, किंमत विचारतील. त्यांनी विचारलं, "असलं मोठ्या गाडीलाबी असतंय का?" असतं, मी म्हटलं. ट्रकलाही असे शॉकअप मिळतात, आणि खाली हवेवर चालणारी ड्रायव्हरची सीट तर इथे ट्रकमध्ये सर्रास असते, वजनाप्रमाणे कमी-जास्त करता येते. ते काही बोलले नाहीत. मीही त्यापुढे काही सांगितलं नाही. मला एकदम त्या घोंगडीची आठवण झाली. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांना स्वतःच्या हातानं कमी-जास्त करता येणारी तेवढी एकच गोष्ट होती. घाटात उन्हाळ्यात घोंगडीनं पाठ भिजायची, तरी ती काढायचे नाहीत.

चारही कळा शून्यावर आणल्या. शून्यावरही कोनी काही उशी होत नाही, जुन्या फुटलेल्या शॉकअपपेक्षा तो घट्टच. पण खड्डा आला की चाक आता मोकळेपणानं खाली जात होतं, गाडीला सोबत ओढून नेत नव्हतं. सीटवर एक जाड उशी टाकली, त्यामुळे उतरताना गुडघ्यांवर कमी भार आला. आम्ही वीस मिनिटांची चक्कर मारून आलो. वळणावर गाडी थोडी डोलत होती आणि डोलणं एसटीच्या माणसाला परकं नाही. उतरल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवला, दोन पावलं टाकून पाहिली. "हलवत्या, पण मारत न्हाई," असा निकाल दिला. त्यानंतर रोज संध्याकाळी निघायचो. किराणा, तळं, देऊळ, कधी नुसतंच.

वहीत मी एक नवी ओळ लिहिली. 'अण्णा : पुढे ०, मागे ०.'

ऑगस्टमध्ये एका रविवारी ते ऑटोक्रॉसला आले. कुंपणापाशी खुर्ची टाकून दिली, पण बसले नाहीत. गाड्या बघत उभे राहिले. एका गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, मागनं डावीकडचा शॉकअप गेलाय बघ, चाक उड्या मारतंय. ती गाडी परत आल्यावर मी तिच्या मालकाला सांगितलं. त्यानं वाकून पाहिलं, नळी तेलानं ओली होती. मग तो चक्क अण्णांशी हात मिळवायला आला. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दहा मिनिटं ते बोलत होते, एकानं मडगार्ड दाबायचं, दुसऱ्यानं हातानं लाटा काढून दाखवायच्या.

माझी त्या दिवशीची सगळ्यात चांगली वेळ मागच्या रविवारपेक्षा काही दशांशांनी कमी होती, दीड फेऱ्यावर. संध्याकाळी सामान भरत होतो तेव्हा अण्णा बॉनेटपाशी येऊन थांबले. उघडायची खूण केली. डावी कळ त्यांनीच फिरवली, मोजत, शून्यापर्यंत. मग उजवी. डिकीतल्या दोन मी फिरवल्या, कारण तिथे फार आत वाकावं लागतं.

घरी येताना मुद्दाम वुडवर्डनं आलो. सांधे आले, गेले. अण्णा रस्त्याकडे बघत होते. सिग्नल लाल झाला की त्यांचा उजवा पाय समोरच्या रिकाम्या जागेत ब्रेक दाबायचा, आणि गाडी थांबल्यावर हळूच सुटायचा.