कमाला खानचा खरा शत्रू

आमच्या घरात मुले जे वाचतात ते आम्हीही वाचतो. ‘मिस मार्व्हल’ या कॉमिकची ओळख आम्हाला तशीच झाली.

कमाला खान ही अमेरिकेतल्या जर्सी सिटीत राहणारी 16 वर्षांची मुलगी, पाकिस्तानातून तिथे गेलेल्या मुस्लिम घरातली. 2014 मध्ये तिची स्वतंत्र मालिका सुरू झाली. लेखिका जी. विलो विल्सन आणि संपादक सना अमानत, दोघीही मुस्लिम. कमालाला अचानक शक्ती मिळते, हवे तसे रूप बदलता येते. ती शक्ती ती पहिल्यांदा वापरते, तेही तिची टर उडवणाऱ्या मुलीला बुडताना वाचवायला. त्या वेळी तिला आठवते ती वडील नेहमी सांगत असलेली, एका जिवाचे मोल साऱ्या मानवजातीइतके मानणारी कुरआनची आयत.

पण आम्हाला विचारात पाडले ते खलनायकाने. त्याचे डोके कॉकटील पक्ष्याचे, नाव इन्व्हेंटर. घरातून निघून गेलेल्या मुलांच्या शरीरातून ऊर्जा काढून तो यंत्रे चालवतो. कमाला त्यांना सोडवायला जाते, तेव्हा कळते की ती मुले स्वतःहून आली आहेत! आपली पिढी निकामी आहे, जगावर भार आहे, हे त्यांना पटलेले असते. कमाला आधी त्यांची समजूत काढते. मग तीच मुले तिच्या बाजूने उभी राहतात.

‘आजकालची पोरं काही कामाची नाहीत’ हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या दावतीत, मशिदीबाहेरच्या गप्पांत किती सहज ऐकू येते! इन्व्हेंटरचे हत्यार हेच आहे.

याच कॉमिकमध्ये शेख अब्दुल्लाह आहेत. रात्री-अपरात्री बाहेर जाते म्हणून आईवडील कमालाला त्यांच्याकडे पाठवतात. ती ओरडा खाण्याच्या तयारीने जाते. लोकांना मदत करते एवढेच ती सांगते, बाकीचे सांगत नाही. तेही खोदून विचारत नाहीत. हे करणारच असशील तर हिंमतीने, सचोटीने कर आणि शिकवणारा उस्ताद शोध, असा सल्ला देतात.

मुलांना मोठ्यांचे दोन्ही आवाज ऐकू येत असतात. इन्व्हेंटरचाही आणि शेखसाहेबांचाही. रात्री दस्तरख्वानावर सगळे एकत्र बसतात तेव्हा आपला आवाज कोणता असतो, हे प्रत्येक घराने पाहावे. तरबियतची सुरुवात तिथूनच होते.