ओठ उचलून पाहताना

गटारीच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘डॉक्टर, याच्या घशात हाड अडकलंय.’ घशात ते क्वचितच असतं. बहुतेकदा टाळूला आडवं, वरच्या दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये घट्ट बसलेलं असतं. कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतो, लाळ गाळतो. जरा गुंगी देऊन पकडीने हाड फिरवलं की सुटतं. नळीच्या हाडाचं कडं खालच्या जबड्यावर सुळ्यांमागे चढलं असेल, तर मात्र ते कापावं लागतं.

पण त्याआधी मी लांबूनच पाहतो. खालचा जबडा लोंबतोय, पाणी गिळता येत नाही, भुंकणं घोगरं झालंय आणि हाड खाताना कोणी पाहिलेलं नाही, अशा तोंडात मी हात घालत नाही. रेबीजचा मुका प्रकार नेमका असाच दिसतो. घरातल्या कोणीतरी मात्र मायेपोटी बोटं घालून आधीच शोधाशोध केलेली असते. मग कुत्र्याआधी त्या माणसाची चौकशी. हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचे आणि तडक लस घ्यायला रुग्णालय गाठायचं. लाळ खरचटलेल्या बोटाला लागली तरी पुरते, चावाच हवा असं नाही.

‘पण जेवतो की नीट!’ हे दुसरं फसवं वाक्य. मोठ्या कुत्र्याला 42 दात असतात. एक दुखला तर तो दुसऱ्या बाजूने चावतो आणि ताट चाटूनपुसून साफ करतो. म्हणून मी दोन्ही बाजूंचं कीटण ताडून पाहतो. जी बाजू वापरात नाही, तिथे थर जाड असतो. हाडं फोडणाऱ्यांची वरची मोठी दाढ चिरते, आतली नस उघडी पडते, आणि बऱ्याच दिवसांनी डोळ्याखाली गळू येतं. लोक त्यावर डोळ्याचे थेंब घालत बसतात.

जिभेखाली तर कोणी पाहतच नाही. हनुवटीखालून अंगठ्याने दाब दिला की जीभ आपोआप उचलली जाते आणि मुळाशी रुतलेला दोरा दिसतो. तो ओढायचा नाही. दुसरं टोक आतड्यात असू शकतं.

तोंडाची जखम भळभळा वाहते, पण भरतेही लवकर. तिच्यात हळद कोंबू नका, मला ती आधी धुवावी लागते. घरातली पॅरासिटॅमॉल, आयब्युप्रोफेनही देऊ नका. कुत्रा धडधाकट असताना अधूनमधून ओठ उचलून निरोगी हिरडीचा रंग पाहून ठेवा, आणि रेबीजची लस एकाही वर्षी चुकवू नका.